टपरीची आतली बॅटरी

१ मार्च, रविवार

पुन्हा तेच. गंगापूर धरणाच्या अलीकडे ओळखीच्या द्राक्षबागेत गाडीतच रात्रीचा मुक्काम होता. पहाटे मी बेसिनशी उभा राहून दात घासत होतो. मागे इन्व्हर्टर किंचाळला आणि सुमनचं श्वासाचं मशीन बंद पडलं. मास्क ओढून ती उठून बसली. धाप लागलेली. दोन मिनिटांनी म्हणाली, "गेलं वाटतं." जणू दारावरचा भाजीवाला गेला.

जानेवारीत चणकापूरला हेच झालं होतं. तेव्हा योगायोग म्हणून सोडून दिलं. दोनदा झालं की बातमी होते.

मशीन नसलं की झोपेत तिचा श्वास अडतो. डॉक्टरांनी दाखवलेल्या आलेखातल्या सपाट रेघा अजून डोळ्यांसमोर आहेत.

मुक्ताला सांगायचं नाही असं येतानाच ठरलं होतं. संध्याकाळी तिचा पुण्याहून फोन आला आणि मी सांगून मोकळा. (बातमी दाबणं आयुष्यात जमलं नाही.) पोरगी शांतपणे म्हणाली, "बाबा, आईच्या श्वासाशी प्रयोग नकोत. त्या विंचूरच्या माणसाला हो सांगा." विंचूरचे बोरस्ते. वायनरी बघायला येणाऱ्या पाहुण्यांना उतरवायला त्यांना आमची गाडी हवी आहे. पाडव्याच्या मुहूर्तावर न्यायची म्हणतात.

पाडवा १९ला. अठरा दिवस.


२ मार्च, सोमवार

सु. सकाळपासून टपरीत. मी वर गॅलरीत पेपर वाचत होतो, खालून तिच्या खुडबुडीचे आवाज.

टपरी हे नाव तिनेच दिलं. सात वर्षांपूर्वी ती आयटीआयमधून निवृत्त झाली, त्याच महिन्यात तेरा सीटची जुनी गाडी घेतली. सीटं काढली, पलंग, ओटा, बेसिन, पाण्याची टाकी. सुतारकाम दुसऱ्यांनी केलं, पण वायर एकूण एक तिने ओढली. तीस वर्षं वायरमनचा ट्रेड शिकवला, मग दुसऱ्याला हात कशी लावू देईल? इंजिनची बॅटरी वेगळी. पलंगाखालच्या खोक्यातली मोठी, घरासाठीची, ती 'आतली'. त्रास आतलीचा आहे.

आणि मुक्ताला फोनवर समजावता येत नाही ते हे. सु.च्या दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग आहे. कडेचं दिसतं, समोरचं नाही. ती माझ्या कानाकडे बघते तेव्हा मी तिला दिसतो. घरी ती भिंतीला हात लावून चालते. परक्या हॉटेलात तर बाथरूमच्या दारातच अडखळते, गेल्या वर्षी नगरला पडली. पण टपरीत प्रत्येक बटण तिने स्वतःच्या हाताच्या उंचीवर लावलंय. तिथे चहा ती करते, मी बसून पितो. टपरीत तिला डोळे लागत नाहीत.

बोरस्त्यांना काय, गाडी घ्यायची. आम्हाला…

असो.


४ मार्च, बुधवार

सु.ने तिची वही काढायला लावली. लांबडी, कापडी पुठ्ठ्याची. सात वर्षांतल्या टपरीच्या सगळ्या आजारांची नोंद: तारीख, लक्षण, तपासणी, कारण, उपाय. आधीची पानं तिच्या अक्षरात. गेल्या ऑक्टोबरनंतर कोरी. आता अक्षर माझं.

"तुमचं अक्षर लागतं का कुणाला?"

"चाळीस वर्षं कंपोझिटरला लागत होतं."

"त्याला पगार मिळायचा."

खोक्याचं झाकण उघडलं. मीटर माझ्या हातात, सूचना तिच्या. मॅडमच्या वर्गात पहिला दिवस. लाल काडी लाल बाजूला, काळी काळ्या बाजूला. सगळं बंद असताना १२.७. छान, म्हणाली, भरलेली आहे. मग सगळे दिवे आणि दोन्ही पंखे लावायला सांगितले. आकडा घसरत १०.९.

"किती?"

"दहा पूर्णांक नऊ."

ती म्हणाली, "एवढ्याशा भाराने एवढी बसते म्हणजे बॅटरीच गेली." आवाज पडलेला. तीन वर्षांचीच आहे. मी वहीत लिहिलं: बॅटरी कमजोर (?). प्रश्नचिन्ह सवयीने.


६ मार्च, शुक्रवार

टपरी द्वारकेकडे नेली, रफिकभाईकडे. आमच्या स्कूटरपासूनच्या सगळ्या बॅटऱ्या त्यांच्याच हातच्या. दाढी आता पूर्ण पांढरी. खोक्यात वाकून त्यांनी आपल्या भारमापकाचे जाड चिमटे लावले, दहा सेकंद दाबून धरलं, सोडलं. पुन्हा एकदा. मग कंबर धरून उभे राहिले.

"मॅडम, बॅटरी एकदम टनाटन. काटा जागचा हलला नाय."

"रफिकभाई, मीटरवर दहा-नऊ आले होते."

"आले असतील. पण मी खोटं बोलून नवी कशाला विकू तुम्हाला? घरची माणसं तुम्ही."

पुढ्यात आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार. चहा पाजला, वर खजूर दिले. रोजे चालू आहेत, स्वतः पाणीही घेतलं नाही.

परतताना सु. सिग्नलला म्हणाली, "तुमचा मीटर म्हणतो मेली. त्यांचा म्हणतो जिवंत. दोन्ही खरं असेल तर?"

उपसंपादक असताना दोन वार्ताहरांच्या बातम्या जुळल्या नाहीत की मी दोघांना एकच प्रश्न विचारायचो: तू नक्की उभा कुठे होतास? हा प्रश्न आज स्वतःला विचारायला हवा होता, हे सहा दिवसांनी कळलं. (हे वाक्य १२ तारखेला समासात घातलंय.)


८ मार्च, रविवार

रंगपंचमी. गावात रहाडींची, रंगाच्या जुन्या हौदांची, झाकणं उघडली असतील. आम्ही दार लावून घरात.

सु.ला कळवण आठवत होतं. लग्नानंतरचं पहिलं वर्ष, तिची पहिली नेमणूक. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे विहीर. मी नाशकात. शनिवारी रात्रीचं पान सोडायचं आणि पहिली एस.टी. पकडायची: दिंडोरी, वणी, नांदुरीचा घाट. उतरलो की अंगाला शाईचा वास, तिच्या अंगाला वर्कशॉपच्या तेलाचा. दोघांनाही आपापला वास येत नसे.

तिथे लाइट सारखी जायची. घरमालकाचा फ्यूज, शेजाऱ्याचा फ्यूज, मारुतीच्या देवळातला फ्यूज, सगळ्यांना "बाई" हव्या. ती स्टुलावर, मी खाली टॉर्च धरून. पहिल्याच वेळी मी टॉर्च तिच्या तोंडावर धरला. ती म्हणाली, "अहो, मी नाही बिघडलेली. तिकडे धरा." हे ऐकून घरमालकीण पदरात तोंड लपवून हसली, आणि सोमवारपर्यंत सगळ्या आळीत झालं.

तेव्हापासून टॉर्च माझ्याकडे. आता टॉर्च असो नसो तिला सारखंच.

यशवंतचा फोन. तिचा पहिल्या बॅचचा विद्यार्थी, कळवणला पंपाच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड करतो, आता साठीकडे. पाडव्याला स्वतःच्या जागेत वर्कशॉप हलवतोय. मेन स्विच मॅडमनेच चालू करायचा. "मॅडम, कव्हय येशात? मी वाट दखी राह्यनू."

सु. म्हणाली, "येते रे. आदल्या दिवशीच येते. टपरी घेऊन."

फोन ठेवल्यावर माझ्या कानाकडे बघत राहिली.


१० मार्च, मंगळवार

बोरस्ते आले. चाळिशीचा, नम्र माणूस. चपला टपरीच्या बाहेर काढल्या. ते बघून मला त्यांचा राग करता येईना.

सु.ने सगळं दाखवलं. हे पाण्याचं, हे दिव्यांचं, हा पंखा उलटा फिरतो. न चाचपडता हात बरोबर त्या-त्या बटणावर. बोरस्त्यांना तिच्या डोळ्यांचं शेवटपर्यंत कळलं नाही. जाताना म्हणाले, "मॅडम, लय मनापासून केलंय हो. वायरिंगचा नकाशा असेल ना?"

तिने कपाळावर बोट ठेवलं. "इथे आहे."

ते हसले. त्यांना विनोद वाटला. "मग तुम्हालाच न्यावं लागेल पाडव्याला गाडीबरोबर!"

आतल्या बॅटरीचं आम्ही सांगून टाकलं. म्हणाले, "ते काय, मी नवी टाकून घेईन. तुम्ही फक्त हो म्हणा."

संध्याकाळी मुक्ता फोनवर: "चांगला माणूस आहे ना? मग?" मी म्हटलं, एक रात्र. कळवणची एक पूर्ण रात्र मशीन अखंड चाललं तर विकायचं नाही. पडलं तर पाडव्याच्या सकाळी मी स्वतः बोरस्त्यांना फोन करीन. ती म्हणाली, "बाबा, शब्द?" शब्द.

हे मी सु.ला न विचारता केलं. जेवताना सांगितलं. ती म्हणाली, "मुदत घेतल्याशिवाय तुमचं डोकं चालतच नाही."


११ मार्च, बुधवार

आज फोडलं. म्हणजे अर्धं.

सकाळी चहाला ती एकदम म्हणाली, "मशीन बंद पडलं तेव्हा तुम्ही काय करत होतात?"

"कधी?"

"दोन्ही वेळा."

चणकापूरला तोंड धुत होतो. बागेत दात घासत होतो.

"म्हणजे नळ. म्हणजे पंप!" टेबलावर थाप मारली, माझा चहा बशीत. "रात्रभर मशीन एकटं चालतं. तुम्ही नळ सोडला की पंप लागतो, भार वाढतो, व्होल्टेज कोसळतं, इन्व्हर्टर मान टाकतो. तुमची स्वच्छता मला मारणार एक दिवस."

दुपारी प्रयोग. भर दोन वाजता, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, टपरीत तिला मास्क लावून झोपवलं. खरोखर झोपली नाही, पण मशीन सुरू. मी बेसिनशी. समोरच्या जोशीकाकूंनी खिडकीतून विचारलं, "वहिनी बऱ्या आहेत ना?" मी म्हटलं, "झोपायची प्रॅक्टिस करतेय." खिडकी लागली.

नळ सोडला. पंपाची घरघर, इन्व्हर्टरची किंकाळी, मशीन बंद.

मास्क काढून सु. अशी हसली की बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. "बिघाड सापडला नाही अजून. पण आता बोलावलं की येतो."

तीनदा बोलावला. तीनदा आला.


१२ मार्च, गुरुवार

सगळं लिहून ठेवतो. क्रमाने.

पुन्हा खोकं उघडलं. मशीन चालू, नळ थोडा सोडलेला. ती म्हणाली, "४ तारखेला काड्या कुठे टेकवल्या होत्या?"

"बॅटरीला."

"बॅटरीला म्हणजे कुठे? खुंटाला की क्लॅम्पला?"

बॅटरीतून शिशाचा खुंट वर येतो. त्याला वायरीचा क्लॅम्प कवटाळून धरतो. खुंटावर ग्रीस होतं, हात बरबटू नयेत म्हणून मी काड्या क्लॅम्पला लावल्या होत्या. सांगितलं.

तिने डोळे मिटले. "तुम्ही बॅटरीला विचारलंच नाही. तिच्या गळ्यातल्या पट्ट्याला विचारलंत."

ग्रीस पुसून काडी थेट शिशावर: १२.४. क्लॅम्पवर: १०.४. मग तिने एक काडी काळ्या खुंटावर, दुसरी त्याच खुंटाच्या क्लॅम्पवर लावायला सांगितली. बोटभर अंतर. मीटर म्हणाला दोन व्होल्ट.

"तिथे शून्य पाहिजे," ती म्हणाली. "सगळं तिथंच सांडतंय. हात लावू द्या." वाकली, बोटं काळ्या क्लॅम्पवर ठेवली, लगेच उचलली. "गरम. बघा." मी बघितलं. चहाच्या कपाइतकं गरम. लाल बाजू गार.

मशीन, पंप, सगळं बंद केलं. दहाच्या पान्याने नट सैल केला. क्लॅम्प निघेना. स्क्रू ड्रायव्हरने उचकटला. आतल्या बाजूला हिरवट-पांढरी पावडर आणि त्यात रुतून बसलेलं काहीतरी. ओढलं. दोरा. नाडा. जिथे पिळलेला होता तिथे अजून लाल.

तो मी ओळखला.

"काय आहे?" सु.

"गंज," मी म्हटलं. "बराच गंज आहे."

नाडा मुठीत, मग खिशात. गरम पाणी, खायचा सोडा, जुना ब्रश. खुंट चांदीसारखा होईस्तो घासला. क्लॅम्प बसवला, नट आवळला. मशीन चालू, नळ पूर्ण सोडला, दोन्ही पंखे, सगळे दिवे. क्लॅम्पवर १२.३. इन्व्हर्टर गप्प.

सु.ने पलंगावर बसून टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या.


१३ मार्च, शुक्रवार

लिहायलाच हवं, निदान इथे.

खंडेनवमीला सु. दवाखान्यात होती, उजव्या डोळ्यावर पट्टी. दरवर्षी त्या दिवशी टपरीची पूजा तिची. पूजा म्हणजे आधी काम: सगळे खुंट उघडून गरम पाण्याने साफ, ग्रीस, आवळणं. मग मीटर, पाने, पकडी पाटावर मांडून हळदकुंकू, फूल, झेंडूची माळ स्टिअरिंगला. मी इतकी वर्षं नुसता नारळ फोडणारा. यंदा खाडा पडू नये म्हणून एकट्यानेच सगळं केलं. क्लॅम्प काढले, धुतले, पुसले. हळदकुंकू वाहिलं. आणि नाडा. देवघरात कलशाला बांधतो, वहीला बांधतो, मुक्ताच्या पहिल्या स्कूटरला मीच बांधला होता. ओल्या कुंकवाचा नाडा दोन फेरे देऊन खुंटाला बांधला, वर क्लॅम्प दाबून बसवला, नट आवळला. देवाला म्हटलं, तिचा डोळा सांभाळ.

संध्याकाळी दवाखान्यात जाऊन सांगितलं, सगळं केलं तुझ्यासारखं. तिने चाचपडत माझा हात शोधून दाबला.

पाच महिने तो नाडा तिथे ओल धरून गंजत होता.

ती झोपेत गुदमरून उठली त्याचं कारण माझ्या खिशात आहे. खिशातून काढून पुस्तकांच्या कपाटात ठेवलाय. बातमी चुकली तर दुसऱ्या दिवशी त्याच पानावर खुलासा छापायचा, हा नियम मी किती पोरांना शिकवला. आज तो दुसरा दिवस होता.


१४ मार्च, शनिवार

रफिकभाईंचा फोन, काय झालं विचारायला. मी सांगितलं. एकटाच होतो, सु. अंघोळीला.

"सर, मी बघितला होता तो धागा. टोक बाहेर आलेलं. पण वर कुंकू, फुलाच्या पाकळ्या. म्हटलं देवाचं आहे, आपण कशाला हात लावायचा. चिमटे खाली, खुंटाच्या बुडाशी लावले."

"तुमची काय चूक नाही, रफिकभाई."

"चूक नाय म्हणता, पण मी बोलायला पाहिजे होतं ना. मॅडमला काही झालं असतं तर?"

एका नाड्यामागे दोन म्हातारे शरमिंदे. सु.ला कळलं तर दोघांना बाकावर उभं करील.


१५ मार्च, रविवार

नोंद भरायची म्हणून सु.ने वही मागितली. लक्षण मी वाचलं. तपासणी वाचली. "कारण?"

"गंज."

"गंज हे लक्षण झालं. गंज कशाने आला? कारण लिहा."

"आपोआप…"

"आपोआप लिहिलं की मी दोन मार्क कापायची. आपोआप काही होत नाही." ती वाट बघत होती. मी पेन हातात धरून. उभ्या आयुष्यात मजकुरासाठी इतका अडलो नसेन. शेवटी ती म्हणाली, "राहू दे. सुचलं की भरा." आणि उठून भिंतीला हात लावत आत गेली.

रकाना रिकामा.


१७ मार्च, मंगळवार

दुपारी मोठी परीक्षा. बारा ते चार मशीन, दर अर्ध्या तासाने नळ. सु. यावेळी खरंच झोपली, घोरली नाही. चार वाजता १२.५. जोशीकाकू खाली येऊन बघून गेल्या, घरी केलेले शंकरपाळे देऊन. मुक्ताला आकडे कळवले. तिचं उत्तर: "दुपार आणि रात्र एक नाही, बाबा." बरोबर आहे. पोरगी कुणाची?

पाण्याची टाकी भरली. मशीनची नळी धुतली. सु.ने स्वतःचा टेस्टर पर्समध्ये टाकला, मेन स्विच चालू करायला जायचंय म्हणून. मी विचारलं, टेस्टरचा दिवा तुला दिसतो? म्हणाली, "पेटला की नाही ते कळतं. नुसतं उद्घाटनाचं सोंग घेऊन जाऊ नये कुठे."


१८ मार्च, बुधवार. कळवण. संध्याकाळ.

दिंडोरी, वणी, तोच रस्ता. दोन्हीकडे द्राक्षांचे क्रेट, पुढे उन्हाळ कांद्याच्या काढण्या. नांदुरीच्या वळणावर ती म्हणाली, "देवीचा गड आला का डावीकडे?" आला होता. मान वळवून कडेच्या नजरेने बघत राहिली. "आहे," म्हणाली.

दोन खोल्यांच्या जागी आता मोबाइलचं दुकान. विहीर बुजवलेली. मारुती आहे. तिथे थांबलो, मीटरबॉक्स नवा, चकचकीत. तिने त्याच्यावरून हात फिरवला आणि पुटपुटली, "अर्थिंग बरोबर दिलंय."

यशवंतच्या नव्या शेडसमोर टपरी लावली. तो पाया पडला, मग लगेच वायरचं भेंडोळं घेऊन आला. "मॅडम, घरमधून लाइन टाकी देस ना. काय जोखीम घ्यायची?"

"नको. बॅटरीवरच."

"मॅडम, जनरेटर बी शे."

"यशवंता, पहिल्या वर्षी मी तुला नापास का केलं होतं?"

"पराक्टिकलला पुस्तक दखं म्हणून." पुस्तकात बघितलं म्हणून. साठीला आलेला माणूस, कान लाल. भेंडोळं घेऊन परत गेला. तरी मघाशी बघितलं, वायर टपरीच्या चाकापर्यंत आणून ठेवलीय.

जेवण झालं. साडेसात. तिची झोपेची वेळ अजून दूर आहे. बोरस्त्यांचा मेसेज: उद्या दहाला गाडी न्यायला निघू का सर? उत्तर दिलेलं नाही.

मघाशी तिने पर्समधून वही काढली. मी आणलेली नव्हती, तिने आणली. कारणाचा रकाना उघडून माझ्यापुढे धरला, उलटा. मी सरळ केला. आणि सांगून टाकलं. खंडेनवमी, पट्टी, ओला नाडा, दोन फेरे, मूठ, खिसा, कपाट. सगळं. क्रमाने.

तिने मध्ये अडवलं नाही. संपल्यावर म्हणाली, "बॅटरीचा गंज लाल नसतो. तुमच्या मुठीतून लोंबत होता. लाल मला अजून कळतो."

"मग सहा दिवस गप्प का राहिलीस?"

"तुम्ही किती दिवस राहता ते बघत होते."

मग हसली. मग हसता हसता रडली, थोडीच. मी पाणी आणायला उठलो, नळ सोडला, पंप घरघरला. दोघंही थबकलो. इन्व्हर्टर गप्प.

"लिहा," ती म्हणाली. "कारण: नाडा. बांधणाऱ्याचं नाव पण लिहा. वर्कशॉपचा नियम आहे."

लिहिलं.

"उपाय: खुंट आणि क्लॅम्प यांच्यात काही येऊ न देणे. पुढच्या खंडेनवमीला दोघांनी मिळून बसवणे. नाडा झाकणाला बांधणे."

पेन थांबलं. "पुढच्या खंडेनवमीला? म्हणजे बोरस्त्यांना नकार कळवू?"

"तुम्ही मुक्ताला शब्द दिलाय. रात्र जायची आहे अजून." मास्क मांडीवर घेऊन ती पट्टे चाचपत होती. "मी उपाय सांगितला. गाडी तेव्हा कोणाच्या दारात असेल ते नाही सांगितलं."

तो रकाना पण भरला. मीटर लावून बघितला: १२.७. काड्या शिशावर, क्लॅम्पवर नाही.

ती म्हणतेय, उद्या सकाळी दात घासायला उठलात की नळ जोरात सोडा. घाबरून बारीक सोडू नका.